उलटी गिटार

मुलांनो,

या खेपेला टपालात सहावीतल्या एका मुलीचं पत्र आलंय. ‘नाव छापू नका’ अशी तिची अट आहे, म्हणून छापत नाही. वाढदिवसाला तिच्या मामाने गिटार आणून दिली. तीन आठवडे झाले. डाव्या हाताची बोटं इतकी हुळहुळतात की दप्तर उचलतानाही कळ येते. तार छेडली की ‘टण्ण’ व्हायच्या ऐवजी ‘फट्’ असा आवाज येतो. आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘तुझ्या हातात ते नाही. उगाच वेळ दवडू नकोस.’ शेवटी तिने विचारलंय, ‘बाई, मी गिटार सोडून देऊ का?’

पोरी, थांब जरा. सोडायची की धरायची ते मागाहून बघू. आधी कंपासपेटीतली पट्टी काढ.

गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या बारीक पट्ट्या असतात ना, त्यांना फ्रेट म्हणतात. आपण पडदे म्हणू, सतारीवर असतात तसेच. खुंट्यांकडून मोजत मोजत बाराव्या पडद्यापाशी ये. बहुतेक गिटारींवर तिथे दोन ठिपके असतात. त्या पडद्याचा माथा आणि त्यावरून जाणारी सगळ्यात जाड तार, यांच्यामध्ये किती अंतर आहे? दोन-अडीच मिलिमीटर असेल तर ठीक. ३ मिलिमीटरच्या वर गेलं असेल, तर दोष तुझ्या बोटांत नाही, गिटारीत आहे. तार तेवढी उंच असली की ती दाबायला पैलवानाची बोटं लागतात.

हे मला कसं ठाऊक? अगं, आमच्यावर गुदरलंय ते!

मुळशी तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा अगदी लहान. दोन खोल्या, दोन शिक्षक, समोर भाताची खाचरं आणि मागे डोंगर. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कुटुंबाने घर आवरताना शाळेला जुनी पुस्तकं, एक कॅरम आणि एक गिटार दिली. पुस्तकं कपाटात गेली, कॅरमच्या सोंगट्या आठवड्यात हरवल्या आणि गिटार माझ्या गळ्यात पडली! ‘बाई, वाजवून दाखवा ना!’ आता डी.एड.ला आम्हाला कार्यानुभव होता, फलकलेखन होतं, समूहगीतं होती. गिटार काही नव्हती. पेटीवर सा रे ग म वाजवता येतं, एवढीच माझी पुंजी. पण चौदा पोरं तोंडाकडे बघत उभी राहिली की ‘मला येत नाही’ म्हणून सुटता येत नाही. ‘मी आधी शिकते, मग तुम्हाला शिकवते,’ असं बोलून बसले.

पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला आले. बोटांच्या टोकांवर तारेचे लाल वळ, आणि आवाज म्हणाल तर पत्र्यावर चिंच पडावी तसा. मला वाटलं, पस्तिशीत कसली आलीय गिटार! शेवटी एका शनिवारी ती एस.टी.त घालून पुण्याला नेली. कंडक्टर म्हणाला, ‘बाई, हिचं हाफ तिकीट फाडू का?’ दुरुस्तीवाल्या काकांनी एक डोळा मिटून दांडी बघितली आणि विचारलं, ‘ही वाजवत होता तुम्ही? हिच्या तारांवर कपडे वाळत घालायचे.’ त्यांनी दांडीच्या पोटातली सळई पिळून दांडी सरळ केली, घोडीवरची पट्टी घासून बुटकी केली, गंजक्या तारा उतरवून बारीक तारा चढवल्या. संध्याकाळी गिटार तीच आणि बोटंही तीच, पण आवाज खणखणीत!

पालकहो, म्हणून म्हणते, मुलाच्या हातात कला आहे की नाही हे ठरवण्याआधी पट्टी लावून बघा. आणखी एक. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या मांडीवर मोठ्यांची गिटार म्हणजे माझ्या मांडीवर सतारीचा भोपळा दोनदा ठेवल्यासारखं. पाऊण मापाची गिटार मिळते, ती घ्यावी. नायलॉनच्या तारांची गिटार कोवळ्या बोटांना मऊ लागते. मात्र नायलॉनच्या गिटारीवर पोलादी तारा चढवू नका. त्यांचा ताण फार जास्त असतो, घोडीच उखडून हातात यायची.

गिटार ठाकठीक असली तरी बोटं दुखतातच, ते खोटं सांगत नाही. पण ते दुखणं तीन-चार आठवड्यांचं. तेवढ्यात बोटांच्या टोकांची कातडी घट्ट होते. लावणी झाल्यावर आपल्याकडे सगळ्यांचे तळवे कसे होतात, तसंच. एका बैठकीत तासभर घासण्यापेक्षा सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं बरी. फोड आला तर मात्र सुट्टी.

‘फट्’ आवाजाची कारणं बहुधा तीन. बोट पडद्याच्या अगदी मागे, त्याला खेटून ठेवायचं. दोन पडद्यांच्या मधोमध ठेवलं तर दुप्पट जोर लागतो. बोट उभं, कमानीसारखं हवं. आडवं पडलं की ते शेजारच्या तारेला लागतं आणि तिचा गळा दाबतं. आणि डाव्या हाताची नखं अगदी बारीक कापलेली हवीत. (हे ‘डाव्या’ लक्षात ठेवा. याच्यावरून पुढे माझी फजिती व्हायची आहे.) आमच्याकडे सोमवारी नखतपासणी असते. गिटार आल्यापासून पोरं नखं आपणहून कापून येतात.

पहिली कॉर्ड कोणती धरावी? कॉर्ड म्हणजे एकमेकांशी जमणारे तीन-चार स्वर एकदम वाजवणं. माझं मत विचाराल तर ई मायनर. सहा तारांतली सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी. दुसऱ्या पडद्यापाशी पाचव्या तारेवर मधलं बोट, चौथ्या तारेवर अनामिका, बास. दोनच बोटं. सगळ्या तारा छेडा, घर भरून जातं. आता तीच दोन बोटं एकेक तार खाली सरकवा, म्हणजे चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर, आणि दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यापाशी तर्जनी ठेवा. ही झाली ए मायनर. जाडी सहावी तार तेवढी सोडून छेडायची.

खरी अडचण कॉर्ड धरण्यात नसते, एका कॉर्डवरून दुसरीवर जाण्यात असते. गाणं पुढे पळतं आणि बोटं मागे राहतात. यावर आम्ही घड्याळ लावलं. एका मिनिटात किती वेळा ई वरून ए वर आणि परत जाता येतं? पहिल्या दिवशी माझे झाले सात. सात! पोरांनी भिंतीवर पाढ्यांच्या तक्त्याशेजारी तक्ता लावला आणि सगळ्यात वर ‘बाई – ७’ असं ठळक लिहिलं. दिवाळीनंतर तिसरीतल्या एका मुलीचे अठ्ठावीस होत होते, माझे एकोणीस.

मधल्या काळात गिटार गणिताच्या तासालाही येऊन बसली. त्याचं असं झालं, चौथीला अपूर्णांक चालू होते. आम्ही खुंट्यांजवळच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तार मोजली, ती भरली ६५ सेंटिमीटर. बारावा पडदा कुठे? बरोबर ३२.५ वर. म्हणजे तार अर्धी केली की वरचा सा! पाचव्या पडद्यापासून घोडीपर्यंतची तार पाऊण भरते, तिथे मध्यम. सातव्या पडद्यापासून घोडीपर्यंत दोन तृतीयांश, तिथे पंचम. एकाच तारेवर ही गंमत करून बघा: मोकळी तार म्हणजे सा, मग दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नी आणि बाराव्यावर वरचा सा. तोंडात बसलेलं कोणतंही बडबडगीत या एका तारेवर शोधून काढता येतं. आमच्या दुसरीच्या पोरांना कॉर्ड काय ते अजून माहीत नाही, पण ती या एका तारेवर खूश आहेत.

फार बारकाईने मोजलंत तर पंचमात अर्धा मिलिमीटर तफावत निघेल. ती मापाची चूक नव्हे. गिटारवर सा ते वरचा सा या अंतराच्या बारा अगदी सारख्या पायऱ्या केलेल्या असतात, आणि पडदे दांडीत कायमचे ठोकलेले असतात. सतारीचं तसं नाही. माझं माहेर मिरजेचं, त्यामुळे हे लहानपणापासून पाहिलंय. तिथे सतारमेकर गल्ली आहे. हत्यारं बनवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे सुकवून आणायचे आणि त्यांच्या सतारी, तंबोरे करायचे, हे काम तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे ते थोडे वर-खाली सरकवता येतात. शाळेतून येताना मी त्या दुकानांपाशी रेंगाळायचे. एकदा एका कारागिराने मला पडदा सरकवून दाखवला होता आणि विचारलं होतं, ‘आता कसा लागला?’ मला काही फरक कळला नव्हता, पण मी मान डोलावली होती. असो.

आता फजितीकडे येते.

आमच्या चौथीत एक मुलगा होता. वहीत सुरेख अक्षर, डाव्या हाताने. त्याला उजव्या हाताने लिही असं मी कधी म्हटलं नाही. डी.एड.च्या मानसशास्त्राच्या पेपरात डावखुऱ्या मुलांवर जबरदस्ती करू नये यावर मी चांगलं दीड पान उत्तर लिहिलेलं होतं! त्याची पाळी आली तेव्हा त्याने गिटार मांडीवर घेतली ती दांडी उजवीकडे करून. मी लगेच पुढे झाले, गिटार त्याच्या हातातून काढून फिरवली आणि म्हटलं, ‘असं रे, असं धरायचं.’ त्याने मिनिटभर धरली. एकदा छेडली. मग शेजारच्या मुलाला देऊन टाकली.

त्यानंतर पंधरा दिवस त्याने गिटारला हात लावला नाही. तो तक्त्यावर आकडे लिहायचा, घड्याळ बघायचा, ‘सुरू’, ‘थांब’ ओरडायचा. मला वाटलं, नसेल आवड त्याला. बघा, त्या मुलीच्या घरच्यांसारखीच मीही निकाल देऊन मोकळी झाले होते.

मग एका सकाळी मी जरा लवकर पोचले. व्हरांडा झाडायची पाळी त्याची होती. खराटा त्याने छातीशी आडवा धरला होता, दांडा उजवीकडे. डाव्या हाताने कॉर्ड छेडत होता आणि उजव्या हाताची बोटं दांड्यावर ई वरून ए वर, ए वरून ई वर जात होती. खराट्याच्या दांड्यावर कुठल्या आल्यात तारा? पण बोटं नेमकी जागच्या जागी पडत होती. पंधरा दिवस तो बाकीच्यांचे आकडे मोजता मोजता पाहून पाहून शिकत होता.

मला पाहिल्यावर तो पटकन झाडायला लागला. मी काही बोलले नाही. काय बोलायचं तेच सुचलं नाही. मधल्या सुट्टीत गिटार त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, ‘तुला हवी तशी धर.’

डावखुऱ्यांनी गिटार कशी वाजवावी, याचे प्रकार मी मग शोधून काढले. काही जण चारचौघांसारखीच धरतात. त्यांचं म्हणणं असं की पडद्यांवरचं बारीक काम डाव्या हाताला मिळतं ते बरंच. काही जण तारा उलट्या क्रमाने चढवतात. बीटल्समधला पॉल मॅकार्टनी आणि अमेरिकेतला जिमी हेंड्रिक्स हे दोघेही डावखुरे, ते असंच करायचे. तबल्याचं तर आपल्याकडे सोपंच आहे, डावखुरा वादक डग्गा आणि तबला यांच्या जागा बदलून बसतो. पण गिटारच्या तारा उलट्या चढवायच्या तर वरच्या पट्टीतल्या खाचा जाड-बारीक असतात, घोडीवरची पट्टी तिरकी असते, तीही बदलावी लागते. आणि आमच्याकडे गिटार एक आणि पोरं चौदा. एकासाठी उलटी केली तर तेरा जणांसाठी ती उलटी होणार. मी दोन रात्री यावर विचार केला.

तेव्हा मला एलिझाबेथ कॉटन या बाईंची गोष्ट कळली आणि मी ती वर्गात सांगितली. या कृष्णवर्णीय बाई अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १८९३ साली जन्मल्या. डावखुऱ्या. भाऊ कामावर गेला की त्याचा बॅन्जो गुपचूप घ्यायच्या आणि उलटा धरून वाजवायच्या. भावाचा असल्यामुळे तारा बदलायची सोय नव्हती. पुढे लोकांकडे घरकाम करून पैसे साठवले आणि ३ डॉलर ७५ सेंटला स्वतःची गिटार घेतली. तीही तशीच उलटी वाजवली. जाड तारा खाली आल्या, म्हणून त्या बोटांनी, आणि बारीक तारा वर गेल्या, म्हणून गाण्याची चाल अंगठ्याने. सगळ्या जगाच्या उलट! मग लग्न, संसार, कामं यांत गिटार सुटली ती कितीतरी वर्षं. उतारवयात त्या सीगर नावाच्या कुटुंबात कामाला लागल्या. ते घर गाण्याबजावण्याचं. एक दिवस भिंतीवरची गिटार काढून त्या वाजवायला लागल्या आणि घरातले थक्क झाले. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली १९५८ मध्ये, आणि ग्रॅमी पुरस्कार मिळाला १९८५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर.

गोष्ट संपल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला. ‘त्या आजींनी तारा बदलल्याच नाहीत?’

‘नाही.’

‘मग आपण पण नको बदलायला.’

तो आता तशीच वाजवतो, उलटी. त्यात अडचणी आहेत, लपवत नाही. पुस्तकातली चित्रं त्याच्या उपयोगाची नाहीत. मला मधलं बोट लागतं तिथे त्याला तर्जनी सोयीची पडते. एक-दोन कॉर्ड अजून नीट बसत नाहीत, आणि मला त्यात मदत करता येत नाही, कारण माझी बोटं त्या बाजूने कधी गेलीच नाहीत. तो आपली बोटं लावून बघतो, मान हलवतो, पुन्हा लावतो. हात वरून खाली नेला की त्याची बारीक तार आधी बोलते आणि जाड तार शेवटी, त्यामुळे गाणं तेच असून वेगळं ऐकू येतं. मला आवडतं ते. वर्गातल्या एकीला आवडत नाही, तसं ती तोंडावर सांगते.

आमची शाळा चौथीपर्यंतच. जूनमध्ये तो पाचवीला मोठ्या गावातल्या शाळेत गेला आणि गिटार इथेच राहिली, कारण ती शाळेची आहे. जायच्या दिवशी त्याने तिच्या तारा फडक्याने पुसल्या आणि फडकं घडी करून पिशवीत ठेवलं. आमच्याकडे शनिवारी शाळा सकाळची असते, त्याच्याकडेही. दुपारी तो येतो. किल्ली माझ्याकडेच असते, म्हणून मीही थांबते. परवाच्या शनिवारी ताम्हिणीकडून असा पाऊस आला की समोरचं खाचरही दिसेना. वाटलं, आज काही येत नाही. पण साडेबाराला इरलं झटकत दारात हजर!

पावसावरून आठवलं. आपल्या भागात पावसाळ्यात पोलादी तारा बघता बघता गंजतात. वाजवून झालं की तारा वरून आणि खालून कोरड्या फडक्याने पुसा, बोटांचा घाम राहू देऊ नका. गिटार भिंतीला टेकवून ठेवू नका, आपल्याकडच्या भिंतींना ओल असते. बुटांच्या खोक्यात ‘खाऊ नका’ असं लिहिलेल्या पुड्या निघतात ना, त्या गिटारच्या पिशवीत टाका. त्या ओल शोषतात. आमच्या वर्गातल्या एकीने पुड्या मिळेनात म्हणून घरच्या आंबेमोहोर तांदळाची पुरचुंडी आणून ठेवलीय. ओल किती कमी झाली ते ठाऊक नाही, पण पिशवी उघडली की वास झकास येतो.

तर, सहावीतल्या मुली, तुझ्या बाराव्या पडद्याचं माप मला लिहून पाठव. ३ मिलिमीटरच्या वर असेल तर मामाला सांगून गिटार दुरुस्तीला ने, आणि मग पुन्हा तीन आठवडे मोज. ई वरून ए वर एका मिनिटात किती वेळा जातेस तेही कळव. सातपेक्षा जास्त असतील तर तुझ्या बाई मागे पडल्या म्हणून समज. आणि हो, तू लिहितेस कोणत्या हाताने, ते पत्रात लिहायचं राहिलंय.

– तुमच्या बाई